व्हिएतनामचा ई-व्हिसा स्वतः कसा काढायचा: पासपोर्टपासून विमानतळापर्यंत

मुंबईहून हनोई आणि हो ची मिन्ह सिटीला थेट विमानं जायला लागल्यापासून दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत व्हिएतनामचा बेत आखणारी मराठी कुटुंबं हमखास भेटतात. विमानाचं तिकीट ही मंडळी स्वतः काढतात, हॉटेलही मोबाइलवर बुक करतात, पण व्हिसा म्हटलं की हात आखडतो. मग कुणीतरी ओळखीचा एजंट शोधतं किंवा गूगलवर पहिली दिसेल ती वेबसाइट उघडतं आणि सरकारी शुल्काच्या दुप्पट-तिप्पट पैसे देऊन बसतं. खरं तर पासपोर्ट समोर ठेवून नीट अक्षरं वाचणाऱ्या कुणालाही हा अर्ज स्वतः भरता येतो. पहिल्यांदाच परदेशी निघालेल्यांनीही तो स्वतःच भरावा असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्या नावाची आणि तारखांची काळजी आपल्याइतकी दुसरं कुणी घेत नाही.

आधी मूळ गोष्ट. भारतीय पासपोर्टवर व्हिएतनामला जायचं तर व्हिसा लागतो. 15 ऑगस्ट 2023 पासून व्हिएतनाम सगळ्या देशांच्या नागरिकांना जास्तीत जास्त 90 दिवसांचा ई-व्हिसा देतं. तो एकदाच प्रवेशाचा असतो किंवा अनेकदा प्रवेशाचा. पहिल्याचं शुल्क 25 अमेरिकी डॉलर, दुसऱ्याचं 50. व्हिसा नाकारला गेला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. ‘तिथं पोचल्यावर विमानतळावरच व्हिसा मिळतो’ असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. विमानतळावर व्हिसाचा शिक्का मिळवायलाही आधी मंजुरीपत्र हातात असावं लागतं, आणि ते नसेल तर मुंबईतच विमान कंपनी बोर्डिंग पास देत नाही.

याला एक अपवाद आहे, फू क्वोक बेटाचा. परदेशातून थेट फू क्वोकला उतरून तिथंच राहायचं आणि तिथूनच परतायचं असेल तर 30 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. पण त्याच सहलीत हनोई किंवा दा नांगही बघायचं असेल तर ही सवलत लागू होत नाही, ई-व्हिसा काढावाच लागतो. बहुतेकांच्या यादीत ‘हा लाँग बे’ ही उत्तरेकडची खाडी असतेच, म्हणजे बहुतेकांना ई-व्हिसा लागणारच.

पासपोर्ट उघडून बघा

अर्ज उघडायच्या आधी पासपोर्ट उघडा. मुदत संपायला प्रवासाच्या तारखेपासून किमान 6 महिने शिल्लक हवेत आणि शिक्क्यांसाठी कोरी पानं हवीत. मुदत जवळ आली असेल तर आधी नूतनीकरण करा. प्रौढांच्या 36 पानी पासपोर्टचं साधं शुल्क 1500 रुपये आहे, तत्काळसाठी वर 2000. नवा पासपोर्ट आला की नंबर बदलतो, म्हणून जुन्या नंबरवर व्हिसा काढून मग नूतनीकरण, असा उलटा क्रम चालत नाही.

घरातल्या प्रत्येकाला स्वतंत्र पासपोर्ट आणि स्वतंत्र व्हिसा लागतो, कडेवरच्या बाळालासुद्धा. फॉर्ममध्ये ‘आईवडिलांच्या पासपोर्टवर नोंदलेली 14 वर्षांखालची मुलं’ असा एक रकाना येतो. आपल्याकडे मुलांना वेगळा पासपोर्ट मिळतो, तेव्हा तो रकाना मोकळा सोडा आणि मुलाचा अर्ज वेगळा भरा.

आता फोटोच्या पानाच्या तळाशी बघा. तिथं बारीक, एकसारख्या अक्षरांच्या दोन ओळी आहेत. विमानतळावरचं यंत्र याच ओळी वाचतं, त्यामुळे अर्ज भरताना आपणही त्याच वाचायच्या. पहिल्या ओळीत सुरुवातीला ‘पी’, मग कोनासारखी एक खूण, मग भारताची ‘आयएनडी’ ही तीन अक्षरं, आणि त्याला लागूनच आडनाव. आडनाव संपलं की दोन कोन येतात, त्यानंतर नाव. नावाचे दोन शब्द असतील तर मध्ये एक कोन. दुसऱ्या ओळीची सुरुवात पासपोर्ट नंबरानं होते: एक अक्षर आणि सात अंक. त्यानंतर एक कोन, आणि त्याच्यापुढे लगेच एक सुटा अंक दिसतो. तो यंत्राच्या तपासणीचा अंक आहे, नंबरात धरायचा नाही. पुढे पुन्हा ‘आयएनडी’, मग जन्मतारीख वर्ष-महिना-दिवस अशा उलट क्रमानं, आणि थोडं पुढे त्याच क्रमानं पासपोर्ट संपण्याची तारीख.

या ओळींवर मी एवढा रेंगाळतो याचं कारण आपली नावं लिहिण्याची पद्धत. महाराष्ट्रात नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव अशी तीन पदरी नावं असतात. एकाच घरात एकाच्या पासपोर्टवर फक्त ‘सुनीता’ आणि ‘पाटील’ असतं, तर दुसऱ्याच्या पासपोर्टवर दिलेल्या नावातच वडिलांचं नावही असतं: ‘सुनीता राजाराम’, आडनाव ‘पाटील’. लग्नानंतर आधारवर नवं नाव आलेलं असतं आणि पासपोर्टवर अजून माहेरचं असतं. अशा वेळी आधार, पॅन, बँक सगळं बाजूला ठेवा. तिकिटावर आणि व्हिसाच्या अर्जात पासपोर्टवर जे छापलंय तेच, त्याच स्पेलिंगनं लिहायचं. स्पेलिंग चुकीचं वाटत असलं तरी अर्जात ते सुधारायचं नाही.

खरी वेबसाइट कोणती

व्हिएतनाम सरकारचं ई-व्हिसाचं संकेतस्थळ ‘इव्हिसा डॉट जीओव्ही डॉट व्हीएन’ हे आहे. याच यंत्रणेचा व्हिएतनामी नावाचा पत्ता ‘थिथुकदिएन्तू डॉट जीओव्ही डॉट व्हीएन’ असा आहे. पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट व्हीएन’ असा होतोय ना, एवढं पाहिलं तरी बहुतेक फसवणूक टळते. ‘व्हिएतनाम’, ‘व्हिसा’, ‘ऑफिशियल’ असे शब्द जोडून शेवटी ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट ऑर्ग’ असलेल्या जागा खासगी एजंटांच्या असतात. त्यातल्या काही व्हिसा खरोखर काढूनही देतात, पण तुमच्या पासपोर्टचा फोटो अनोळखी माणसाकडे जातो आणि टंकन कुणा तिसऱ्याच्या हातून होतं. सर्चमध्ये सगळ्यात वर बहुधा याच जागांच्या जाहिराती येतात. म्हणून पत्ता ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करा.

ग्रुप टूरने जाणार असाल तर व्हिसा टूर कंपनी काढते, ते ठीकच आहे. पण मंजूर झालेली पीडीएफ स्वतःकडे मागून घ्या आणि पुढे सांगितल्याप्रमाणे एकेक अक्षर तपासा.

दोन फोटो

अर्जाच्या सुरुवातीलाच दोन फोटो अपलोड करावे लागतात: एक तुमचा आणि एक पासपोर्टच्या फोटोपानाचा.

तुमचा फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा, समोर बघणारा, चष्मा न लावलेला, 4 बाय 6 सेंटिमीटरच्या प्रमाणात हवा. जवळच्या फोटो स्टुडिओत ‘व्हिएतनाम व्हिसासाठी सॉफ्ट कॉपी हवी’ असं सांगा, ते प्रमाणात कापून देतात. पासपोर्टवरचाच फोटो मोबाइलने टिपून चढवू नका.

पासपोर्टच्या पानाचा फोटो दिवसा, खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून काढा. आपल्या पासपोर्टचं ते पान लॅमिनेट केलेलं असतं आणि ट्यूबलाइटची पट्टी नेमकी नंबरावर चमकते. चारही कोपरे चौकटीत यायला हवेत, तळाच्या दोन ओळी पूर्ण वाचता यायला हव्यात, आणि पान धरलेलं बोट त्यात यायला नको. घरी किंवा झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करता आलं तर सगळ्यात उत्तम. शेवटचं, पत्त्याचं पान मात्र इथं लागत नाही.

फॉर्म भरताना

फोटो चढवल्यावर यंत्रणा काही माहिती त्यातूनच उचलून रकाने भरते. ती बरोबर असेलच असं धरू नका. शून्य आणि इंग्रजी ‘ओ’, एक आणि ‘आय’ यांची अदलाबदल होऊ शकते. भारतीय पासपोर्ट नंबरात पहिलं अक्षर आणि पुढे सगळे अंक, हे लक्षात ठेवलं की चूक चटकन दिसते.

‘सरनेम’च्या रकान्यात आडनाव. ‘मिडल अँड गिव्हन नेम’मध्ये पासपोर्टच्या ‘गिव्हन नेम’समोर जे आहे ते सगळं, त्याच क्रमानं. जन्मतारीख दिवस-महिना-वर्ष अशी, आपल्याला सवयीची. ‘आयडेंटिटी कार्ड’चा रकाना सक्तीचा नसेल तर मोकळा सोडा, तिथं आधार नंबर टाकत बसू नका. धर्माचा रकाना आहे, तो भरावा लागतो.

जन्मस्थळापाशी आपली मंडळी अडखळतात. पासपोर्ट काढला तेव्हा जन्मस्थळ ‘औरंगाबाद’ किंवा ‘उस्मानाबाद’ छापलं गेलं, आता शहरं छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली. अर्जात पासपोर्टवरचं जुनं नावच लिहायचं. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं तरी तसंच. पासपोर्ट कुठून जारी झाला, त्या जागी पासपोर्टवर जे शहर छापलंय ते.

पुढचा प्रश्न: एकदाच प्रवेश की अनेकदा? फक्त व्हिएतनाममध्येच फिरणार असाल, मग हनोई, दा नांग, हो ची मिन्ह अशी तीन शहरं असोत, एकदाच प्रवेशाचा व्हिसा पुरतो. देशांतर्गत विमानं आणि हा लाँगची क्रूझ यांनी काही फरक पडत नाही. पण मध्येच कंबोडियात जाऊन अंकोर वाट बघून पुन्हा व्हिएतनाममध्ये यायचं असेल, परतीचं विमान तिथूनच असेल, तर अनेकदा प्रवेशाचाच घ्या. एकदाच प्रवेशाचा व्हिसा देशाबाहेर पाऊल पडताच संपतो, मग त्याची मुदत कितीही उरलेली असो.

तारखांकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. व्हिसा सुरू होण्याच्या तारखेआधी एक मिनिटही प्रवेश मिळत नाही. मुंबईहून रात्री निघणारी विमानं असतात, त्यामुळे तिकिटावरची निघण्याची तारीख आणि व्हिएतनाममध्ये उतरण्याची तारीख वेगळी असू शकते. व्हिएतनामची वेळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. प्रवेशाच्या तारखेत उतरण्याची तारीख धरा, आणि व्हिसाची सुरुवात तिच्या एक-दोन दिवस आधीची मागा. शेवटची तारीखही परतीच्या नेमक्या दिवसावर आणू नका. विमान रद्द झालं, मूल आजारी पडलं तर चार-आठ दिवस हाताशी असलेले बरे. शुल्क दिवसांवर ठरत नाही, तेव्हा मुदत आखडती मागण्यात काही वाचत नाही.

प्रवेश आणि निर्गमनाच्या ठिकाणांची यादी उघडते. हनोईचा विमानतळ ‘नोई बाई’, हो ची मिन्ह सिटीचा ‘तान सन न्हात’, न्हा त्रांगजवळचा ‘काम रान्ह’. दा नांगचा त्याच नावानं आहे. तिकिटावर जो असेल तो निवडा. जमिनीवरून किंवा समुद्रमार्गे जाणार असाल तर ते नाकं ई-व्हिसासाठी मान्य असलेल्या यादीत आहे का, ते इथंच कळतं. यादीत नसलेल्या नाक्यावरून आत सोडत नाहीत.

राहण्याचा पत्ता म्हणून पहिल्या हॉटेलचं नाव आणि पत्ता पुरतो. पण प्रांत निवडताना गोंधळ होऊ शकतो, आणि त्याला कारण आहे. 1 जुलै 2025 पासून व्हिएतनामनं प्रांतांची फेररचना केली: 63 चे 34 झाले आणि जिल्हा हा मधला स्तरच गेला. होई आन हे पूर्वी क्वांग नाम प्रांतात होतं, आता ते दा नांगमध्ये येतं. फू क्वोक किएन जांगमध्ये होतं, ते आता आन जांगमध्ये. हॉटेलच्या जुन्या पत्त्यावरचा प्रांत फॉर्मच्या यादीत सापडला नाही तर घाबरू नका, नवं नाव शोधून तेच निवडा. शंका असेल तर हॉटेलला ईमेल करून नवा पत्ता मागवा, देतात.

व्यवसाय, घरचा पत्ता, अडीअडचणीला कळवायचा नातेवाईक, खर्च कोण करणार, हे सगळं सरळ आहे, खरं तेच लिहा. नातेवाईक म्हणून सोबत न येणाऱ्याचं नाव द्या.

पैसे भरणं

सगळं भरून झालं की यंत्रणा एक नोंदणी क्रमांक देते. तो तिथल्या तिथं वहीत लिहा आणि स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. पुढे निकाल बघायला हा क्रमांक, ईमेल आणि जन्मतारीख अशा तिन्ही गोष्टी लागतात. कुटुंबातल्या चौघांचे चार अर्ज असतील तर नावासमोर क्रमांक असा तक्ता करा, नाहीतर कुणाचा कोणता हे नंतर उलगडत नाही.

पैसे आंतरराष्ट्रीय चालणाऱ्या डेबिट किंवा क्रेडिट कार्डानं भरायचे. इथं पहिल्याच फटक्यात कार्ड नाकारलं जाण्याची शक्यता मोठी. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानुसार नवी कार्डं फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांपुरती सुरू करून मिळतात. परदेशी आणि ऑनलाइन वापर आपणच बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करावा लागतो. तो आधी चालू करा, मर्यादा तपासा, मग अर्जाकडे या. डॉलरचं शुल्क रुपयांत कापताना बँक आपला आकार आणि त्यावरचा जीएसटी लावते, शिवाय पेमेंट यंत्रणेचं थोडं शुल्कही येतं, तेव्हा 25 डॉलरपेक्षा जरा जास्त गेले तर दचकू नका. व्यवहार मध्येच अडकला तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. नोंदणी क्रमांक टाकून अर्जाची स्थिती बघा, बँकेचा एसएमएस बघा, मगच ठरवा. काम झालं की परदेशी वापर पुन्हा बंद करून टाका.

वाट बघणं आणि निकाल तपासणं

सरकारी मुदत कामाच्या 3 दिवसांची आहे, पण त्या भरवशावर आठवडाभर आधी अर्ज करू नका. तीन-चार आठवडे आधी करा. व्हिएतनामचं चांद्र नववर्ष, म्हणजे तेत, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत येतं आणि तेव्हा कार्यालयं अनेक दिवस बंद असतात. 30 एप्रिल, 1 मे आणि 2 सप्टेंबर याही तिथल्या सुट्ट्या. पहिल्या दोन नेमक्या आपल्या उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर येतात. ईमेलची वाट बघत बसू नका, तो स्पॅममध्येही जातो. दोन-तीन दिवसांनी संकेतस्थळावर जाऊन स्वतः स्थिती बघा. कधी फोटो पुन्हा मागितलेला असतो, आणि आपण तो देईपर्यंत अर्ज तिथंच थांबतो.

मंजूर झाला की पीडीएफ उतरवून घ्या. मग घरातल्या दुसऱ्या कुणालातरी पासपोर्ट हातात देऊन मोठ्यानं वाचायला सांगा आणि तुम्ही व्हिसावर नजर ठेवा: नाव, नंबर, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, प्रवेश एकदा की अनेकदा. एका अंकाची चूक सापडली तरी ‘बघू विमानतळावर’ म्हणू नका. दिवस शिल्लक असतील तर नव्यानं अर्ज करणं हाच सुरक्षित मार्ग. 25 डॉलर पुन्हा जातील, पण काउंटरवरून परत फिरण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त. प्रश्न गुंतागुंतीचा असेल तर मुंबईत व्हिएतनामचा महावाणिज्य दूतावास आहे, दिल्लीत राजदूतावास.

व्हिसाच्या कागदी प्रती माणशी दोन काढा. मोबाइलची बॅटरी आणि विमानतळाचं वायफाय यांच्यावर सोडायची ही गोष्ट नव्हे.

निघताना आणि उतरल्यावर

मुंबईच्या चेक-इनला पासपोर्टसोबत व्हिसाची प्रत आणि परतीचं तिकीट दाखवा. भारतीयांना निघताना पूर्वी भरावं लागायचं ते इमिग्रेशनचं कार्ड 2017 मध्येच बंद झालं. दहावी न झालेल्या काहींच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ (नोकरीसाठी परदेशी जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक) अशी नोंद असते आणि घरच्यांना त्याची धास्ती वाटते. ती अट ठराविक 18 देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांना आहे, त्यात व्हिएतनाम नाही. पर्यटनाला जाणाऱ्या आजीआजोबांना तिची अडचण येत नाही.

पैशांचं थोडक्यात: भारतातून बाहेर जाताना भारतीय रोख 25,000 रुपयांपर्यंतच नेता येते. व्हिएतनाममध्ये उतरताना 5000 डॉलरपेक्षा जास्त किंवा दीड कोटी दोंगपेक्षा (दोंग हे तिथलं चलन) जास्त रोख असेल तर कस्टम्सला जाहीर करावी लागते. दीड कोटी ऐकून घाबरायचं कारण नाही, तिथं साध्या जेवणाचं बिलही हजारो दोंगांमध्ये येतं. ई-सिगारेट सामानात अजिबात नको. ती भारतात 2019 पासून आणि व्हिएतनाममध्ये 2025 पासून बंद आहे.

तिथल्या इमिग्रेशनच्या रांगेत पासपोर्ट, व्हिसाची प्रत, बोर्डिंग पास हातात ठेवा. हॉटेलचं बुकिंग आणि परतीचं तिकीट छापलेलं असू द्या, विचारलं तर दाखवता येतं. कुटुंब असेल तर लहान मुलांना घेऊन एकत्र पुढे जा. शिक्का बसला की काउंटरवरून हलण्याआधी त्यावरची तारीख वाचा. कुठवर राहता येईल ते त्यावर असतं, आणि तीच तुमची खरी मर्यादा. ती ओलांडली तर दंड होतो, आणि पुढच्या व्हिसाला अडथळा येऊ शकतो तो वेगळाच.

हॉटेलमध्ये गेल्यावर ते पासपोर्ट मागतील. परदेशी पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करणं तिथल्या कायद्यानं त्यांच्यावर बंधनकारक आहे, त्यामुळे त्यात वावगं काही नाही. नोंद करून पासपोर्ट परत घ्या, मुक्काम संपेपर्यंत त्यांच्याकडे ठेवायची गरज नसते. घरगुती होमस्टेत राहणार असाल तर ही नोंद ते करतात ना, हे बुकिंगच्या आधीच विचारा.

पासपोर्ट हरवलाच तर आधी स्थानिक पोलिसांकडून तक्रारीची प्रत घ्या, मग हनोईतला भारतीय राजदूतावास किंवा हो ची मिन्ह सिटीतला आपला महावाणिज्य दूतावास गाठा. ते परत येण्यापुरता आपत्कालीन दाखला देतात. पण तो हातात आला म्हणजे विमानात बसता येतं असं नाही, त्यावर व्हिएतनामच्या इमिग्रेशन विभागाकडून बाहेर पडण्याचा व्हिसाही घ्यावा लागतो आणि त्याला काही दिवस जातात. त्यासाठी पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची, ई-व्हिसाची आणि प्रवेशाच्या शिक्क्याची छायाप्रत वेगळ्या बॅगेत ठेवा, आणि तीच घरी थांबलेल्या कुणालातरी व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा.